शिंगवाला, देखणा आणि गरीब

नारळ फोडायचा कुठं, यावरच आमचं पहिलं भांडण झालं.

"मॉनिटरसमोर फोडू," मी म्हणाले.

"आणि पाणी आत गेलं म्हंजे? उद्या गिऱ्हाइकाला बिल तू तोंडी सांगणार का?" कणसेकाका म्हणाले.

शेवटी दुकानाच्या उंबऱ्यावर फोडला. काकांचं हार्डवेअरचं दुकान रविवारी अर्ध्या शटरवर असायचं. खिळे, पाइप आणि रंगाचे डबे यांच्या मागं एक टेबल, आणि त्यावर बिलं काढायचा कॉम्प्युटर. काकांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, खोबऱ्याचा तुकडा कीबोर्डवर ठेवला आणि डोळे मिटून हात जोडले. शेजारी ठेवलेल्या फोनच्या स्पीकरमधून सुहासचा पुण्याहून आवाज आला, "काका, झालं का? मी कधीचा लॉगिन करून बसलोय."

"बस की. नारळ वाढवल्याशिवाय आपला पडदा कधी उघडलाय का?"

पडदा वगैरे काही नव्हता. आम्ही कॉम्प्युटरवर खेळायचा एक गेम निवडायला बसलो होतो. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, एका खोट्या राज्यात हिंडायचं, आणि जगभरची अनोळखी माणसंही त्याच वेळी त्याच राज्यात आपापली पात्रं होऊन हिंडत असतात, असला गेम. आता या गोष्टीला बारा वर्षं होऊन गेली. आमची 'रंगसोबती, कराड' ही हौशी नाटकाची संस्था. आयुष्यात नाटक सोडून दुसरं काही निवडायची आम्हाला सवय नव्हती, म्हणून नाटक निवडायची पद्धत होती तशीच गेमला लावली. प्रत्येकानं एक आणायचं, सगळ्यांनी मिळून ते तपासायचं, मग भांडायचं, आणि शेवटी काका म्हणतील तेच करायचं.

काका आमचे दिग्दर्शक. सुहास लोखंडे नोकरीला पुण्यात गेला होता. नाटकात तो कायम हवालदार किंवा हुजऱ्या, "जी सरकार" एवढंच वाक्य. नसीमा मुल्ला आमची नायिका, तिची बदली नांदेडला झालेली. आणि मी शालन पिसाळ, दूध संघाच्या ऑफिसात क्लार्क आणि संस्थेची प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात छोटी बॅटरी, आणि नट अडखळला की त्याच्यापुरता पहिला शब्द सोडायचा. रंगमंचावर मी कधीही पाऊल टाकलेलं नाही, टाकायची इच्छाही नव्हती.

राहिले जंगमसर. खरं तर हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच चालला होता.

सर शाळेत इतिहास शिकवायचे आणि आमच्या प्रत्येक नाटकात नायक असायचे. आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, हा माझ्याशीच बोलतोय. त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. बोलायला गेले की नुसती हवा यायची. शाळेनं त्यांना ग्रंथालयात बसवलं. घरी कुणी भेटायला आलं की ते मागच्या दारानं परड्यात जायचे आणि पाहुणा उठेपर्यंत जास्वंदीला पाणी घालत बसायचे. मी गेले तेव्हाही सर गेलेच. प्रभावहिनी चहा देताना म्हणाल्या, "झाड कुजायला आलंय गं पाण्यानं." आम्ही हसलो, पण त्या दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

सर परत आमच्यात येतात की नाही, एवढाच प्रश्न होता. स्टेजवर ते येणार नव्हते. घरी ते भेटणार नव्हते. सुहास म्हणाला, "ताई, गेममध्ये घ्यायचं का त्यांना? तिथं तोंड दाखवायलाच लागत नाही." मला काही कळलं नाही. पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

सर येतील कसे, ही काळजी वहिनींनी मिटवली. त्या सरांना म्हणाल्या, "कणसेभाऊजी कॉम्प्युटरवर गेम खेळणार आहेत म्हणे." काका आणि कॉम्प्युटर ही मौज सर सोडणं शक्यच नव्हतं. मुलीचा जुना कॉम्प्युटर त्यांनी स्वतः पुसून काढला.

आणखी एक सांगून ठेवते, म्हणजे पुढचं नीट कळेल. सरांचा आणि माझा एक जुना वाद होता. त्याच्या काही वर्षं आधी सांगलीला स्पर्धेत आमचा प्रयोग होता. तिसऱ्या अंकात सर बायकोच्या फोटोसमोर उभे राहून बोलत होते आणि मधेच थांबले. थांबले ते थांबलेच. आता, नट थांबला की प्रॉम्प्टरला एका क्षणात ठरवावं लागतं, हा पॉज आहे की हा विसरलाय. सगळं काम एवढंच आहे. बाकी शब्द काय, कुणीही वाचून दाखवेल. मी ठरवलं, विसरलेत. पहिला शब्द सोडला. सरांनी वाक्य घेतलं, टाळ्या पडल्या, आणि विंगेत येऊन ते मला म्हणाले, "माझा पॉज खाल्लास, शालन." पुढं महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. सरांना कधीही प्रॉम्प्टिंग लागत नाही, अशी त्यांची ख्याती होती. मी ज्याला त्याला सांगत होते की ते विसरले होते. कुणी ऐकलं नाही.

तर पहिला गेम सुहासनं आणला. त्याचं इंग्रजी नाव आमच्यापैकी कुणाच्याच जिभेवर बसेना. त्यातल्या योद्ध्यांच्या टोपांना शिंगं होती म्हणून आम्ही त्याला शिंगवाला म्हणायला लागलो. सुहासनं सगळ्यांना माइकवाले हेडफोन घ्यायला लावले होते. मला त्यानं त्याचा जुना लॅपटॉपही धाडला होता, तो मी काकांच्या शेजारीच मांडला. एका किल्ल्याच्या दारात जमायचं, आत जायचं आणि आतल्या राक्षसाला मारायचं, असा बेत होता.

दारात आम्ही पाचही जण उभे राहिलो. मी धनुष्यवाली, काका अंगभर चिलखतात, नसीमा जादूगारीण आणि सरांचा एक कुऱ्हाडवाला. नसीमा खूश झाली होती. "शालन, माझा झगा बघ की," ती कानात म्हणाली. आमच्याबरोबर कुठल्या तरी देशातली दोन पोरंही होती, तीही कानात बडबडत होती. काकांनी हेडफोनमध्येसुद्धा नाट्यगृहात बोलायच्या आवाजात सूचना द्यायला सुरुवात केली. "सुहास, तू डावीकडनं एंट्री घे. नसीमा, तू त्याच्या मागं झाकली जातीयस, जरा पुढं हो." त्या पोरांपैकी एकानं इंग्रजीत विचारलं, हे काका कोण आहेत. सुहासनं सांगितलं, आमचे दिग्दर्शक. पोरगं मुकाट्यानं रांगेत येऊन उभं राहिलं.

"सर, तुम्ही उजवीकडनं या," सुहास म्हणाला.

कुऱ्हाडवाला तिथंच उभा होता.

"सर, ऐकू येतंय का? सर, माइकचं बटण दाबा आणि बोला, म्हणजे आम्हाला कळेल."

हे वाक्य संपलं आणि कुऱ्हाडवाल्याचं नाव करडं झालं. मग तो पुसला गेला. सर गेममधून निघून गेले होते.

"ताई, मी गाढव आहे," सुहास म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

गाढव आम्ही सगळेच होतो. आवाजावर जगलेली माणसं आम्ही, आवाजाशिवाय खेळ असू शकतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आजपासून हेडफोन बंद. ज्याला बोलायचंय त्यानं लिहायचं. आपण चौघं आपापसात फोनवर काय बोलायचं ते बोलू, पण गेममध्ये कुणाचा आवाज नको."

सर परत येतील असं मला वाटत नव्हतं. पण काकांनी त्यांना नेहमीसारखा निरोप धाडला, 'रविवारी चारला तालीम. गैरहजर राहिल्यास भूमिका दुसऱ्याला जाईल.' तालीम सरांनी उभ्या जन्मात चुकवली नव्हती. त्यांचं उत्तर आलं, 'बरं.'

दुसरा गेम नसीमाच्या भाच्यानं सुचवलेला. त्याला आम्ही देखणा म्हणायचो. डोंगर काय, धबधबे काय, गवताचं पातंनपातं हलत होतं. तो चालू केला की काकांचा कॉम्प्युटर मिक्सरसारखा आवाज करायला लागायचा. काका एका कड्यावर उभे राहून देखावा बघता बघता खाली पडले आणि मेले. आणि लगेच एका देवळासमोर धुळकट अंगानं उभे राहिले.

"हे काय?" काका म्हणाले. "मी मेलो ना?"

"हो काका. मेलं की इथून परत सुरू."

"आत्ता मेलेला माणूस लगेच पुढच्या प्रवेशात हिंडतोय? मग मरणाला अर्थ काय राहिला? आपल्याला असलं चालायचं नाही."

"काका, गेम आहे तो."

"म्हणून काय झालं? प्रेक्षक मूर्ख आहेत का?"

त्याच वेळी सरांनी काहीतरी लिहिलं. खालच्या पट्टीत त्यांचं नाव आलं आणि त्यापुढं नुसते रिकामे चौकोन. एका ओळीत जेवढे मावतील तेवढे. मग दुसरी ओळ, तीही चौकोनांची.

"मराठी दिसत नाही यात," सुहास म्हणाला. "सरांना सांगतो, इंग्रजी अक्षरांत लिहा, आपण वाचू."

"अजिबात नाही," काका म्हणाले. "त्या अक्षरांत मराठी वाचायची वेळ आली तर मी दुकान बंद करून गावी शेती करीन."

"काका, तुम्ही मेसेज तसेच करता."

"ते मेसेज. हे नाटक आहे."

देखणा बाद झाला. पण त्या संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "काय झालं होतं गं आज? हे खुर्चीत बसून हसत होते. आवाज नाही, पण खांदे हलत होते. मी म्हटलं काय झालं, तर कागदावर लिहून दाखवलं, 'कणशाला म्हणालो, मेल्यावर तरी गप पड.'" वहिनी सांगतानाही हसत होत्या. "ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसलेत. पुढचा गेम लवकर काढा."

म्हणजे सरांना बोलायचं होतं. आमच्याच गेमला ऐकू येत नव्हतं. मला त्या चौकोनांचा एवढा राग आला की मी सुहासला त्याच रात्री फोन करून सांगितलं, गेम कसाही असू दे, काळाकुट्ट, लंगडा, पण मराठी दिसली पाहिजे.

तिसरा गेम त्यानं कुठून तरी अडगळीतून काढला. कुणी हौशी लोकांनी फार पूर्वी केलेला आणि फुकट. घरं काड्यापेटीसारखी, झाडं सगळी एकाच साच्यातली. माणूस चालताना त्याचे पाय हलायचे नाहीत, तो तसाच सरकत जायचा. एक गाव, गावाबाहेर ओढा, ओढ्यावर पूल आणि पुलापलीकडं एक विहीर. बाकी मैदान. लोक इतके कमी की आम्ही गेलो तेव्हा सगळ्या गावात कुठल्या तरी लांबच्या देशातली पाच-सहा माणसं मासे विकत बसली होती. पण बोललं की डोक्यावर एक फुगा यायचा, आणि फुग्यात मराठी अगदी ठळक दिसायची.

"नेपथ्य लईच गरीब आहे," काका म्हणाले. तेव्हापासून त्याचं नाव गरीब.

सरांनी एक म्हातारा निवडला होता, दाढीवाला. त्याला बसता येईना. सुहास म्हणाला, "थांबा, मी सरांना कानात सांगतो. दुसऱ्या कुणाला दिसत नाही ते." त्यानं काय केलं कोण जाणे, म्हातारा सरकत सरकत विहिरीपाशी गेला आणि काठावर बसला.

मत घ्यायची वेळ आली. सुहास म्हणाला, यात धड लढाईसुद्धा नाही. नसीमा म्हणाली, माझा झगा गोणपाटाचा दिसतोय. काकांनी तर देखणाच बरा असं म्हणून टाकलं, मरणाचा प्रश्न बाजूला ठेवून. एवढ्यात म्हाताऱ्याच्या डोक्यावर फुगा आला.

'हाच.'

'सर, पण इथं करायचं काय?' सुहासनं लिहिलं.

'हाच,' परत फुगा आला.

"ठरलं," काका म्हणाले.

काय ठरलं आणि का, आम्हाला कुणालाच कळलं नाही. पण आम्हाला काय, सर म्हणाले ते पुरे होतं.

मग भूमिकावाटप. काकांनी स्वतः पुलावरच्या नाक्याचा शिपाई घेतला, कारण तिथून सगळे दिसतात. नसीमा नायिका करून कंटाळली होती, ती दरोडेखोर झाली. सुहास राजा झाला. "एकदा तरी," एवढंच तो म्हणाला. मला काही नको होतं, पण काका म्हणाले गर्दी कमी पडतीय, म्हणून मी एक शेळी घेऊन गावात उभी राहिले. लढाई नाही तर मग काय करायचं, तर काकांनी फर्मान काढलं, दर रविवारी चार वाजता गावच्या चौकात प्रवेश. संहिता नाही. भूमिकेत शिरायचं आणि सुचेल ते बोलायचं.

संहिता नाही म्हटल्यावर माझी काय गत झाली, ते प्रॉम्प्टरलाच कळेल. मी शेळीशेजारी उभी राहून बघत बसायचे. आणि खरं सांगायचं तर बघण्यासारखंच होतं. "जी सरकार"च्या पुढं कधी न गेलेला आमचा सुहास राजा झाल्यावर असा काही बोलायला लागला की मी तोंडात बोट घातलं. दरोडेखोर पकडून आणला तर म्हणतो, 'याला सोडा. हा एकटाच आहे जो माझ्या राज्यात रात्रीसुद्धा काम करतो.' नसीमा त्याच्या वरताण. ती मासे विकणारी परदेशी मंडळी टोपल्या ठेवून बघायला यायची. एक अक्षर कळत नसणार, पण त्या गेममध्ये टाळ्या वाजवायचं बटण होतं, ते सारखं दाबायची.

सर मात्र विहिरीवर बसलेले. फुगा नाही. पहिला रविवार गेला, दुसरा गेला, तिसराही तसाच गेला. मी शेळी सोडून त्यांच्याकडंच बघत असायचे.

तिसऱ्या रविवारी सगळे गेममधून गेल्यावर काकांनी शटर ओढता ओढता मला थांबवलं.

"शालन, हा गेम पडला."

"का? रंगतोय की."

"आपला रंगतोय. ज्याच्यासाठी मांडला तो विहिरीवर पुतळा होऊन बसलाय. उद्या त्याला वाटायचं, हे माझ्यासमोर मुद्दाम नाचायलेत." काकांनी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. "पुढच्या रविवारी बघायचं. नाही बोलला तर बंद. मी त्याला असं बसलेलं बघू शकत नाही."

"बंद केलं तर ते परत परड्यात जातील, काका."

"मग तू सांग. तुझं कामच आहे ते. पॉज आहे, का विसरलंय?"

"सांगलीनंतर मी या विषयावर मत देत नाही," मी म्हणाले. काका हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही. मला खरंच ओळखता येत नव्हतं, आणि आठवडाभर मी ऑफिसात दुधाच्या पावत्यांवर चुकीच्या तारखा टाकत होते.

पुढच्या रविवारी प्रवेश असा होता की दरोडेखोर म्हातारीच्या वेशात पूल ओलांडायला येते आणि नाक्यावरचा शिपाई तिला अडवतो. चारला पाच मिनिटं असताना नसीमाचा फोन. नांदेडला वीज गेली होती.

"आता?" सुहास म्हणाला.

चौकातले मासेवाले पुलापाशी येऊन बसलेही होते. काका माझ्या शेजारीच, बिलांच्या कॉम्प्युटरवर. मी सुहासनं धाडलेल्या त्याच्या जुन्या लॅपटॉपवर. काकांनी मला विचारलं नाही की सांगितलं नाही. त्यांच्या शिपायाच्या डोक्यावर फुगा आला, 'कोण आहे तिकडं? पूल बंद आहे.' आणि माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "शालन, शेळी घेऊन पुढं हो."

"मी?"

"प्रेक्षक बसलेत."

मी सरकत सरकत पुलापाशी गेले. कर्सर लुकलुकत होता. मला आमच्या संस्थेच्या प्रत्येक नाटकातलं प्रत्येक पात्र पाठ आहे. राजाचं, राणीचं, हुजऱ्याचं. पण त्या क्षणी कळलं की माझं स्वतःचं असं एकही वाक्य माझ्याकडं नाही. सुहास फोनवर हळूच "ताई" म्हणाला, काका खाकरले. मासेवाले बसून होते.

तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडली. ती कुणाच्या डोक्यावर नव्हती. फक्त मला दिसत होती.

'शेळीबद्दल बोल.'

मला वाटलं सुहास. मी लिहिलं, 'शिपाईदादा, मला नाही जायचं. माझ्या शेळीला जायचंय.'

शिपाई चमकला. म्हणजे काका चमकले, मी बाजूलाच बसले होते. त्यांनी लिहिलं, 'शेळीला कर पडतो.'

खिडकी: 'विचार, पायावर का शेपटीवर.'

'कर पायावर की शेपटीवर? शेपटीवर असेल तर परवडेल.'

काका खुर्चीत हसायला लागले. मासेवाल्यांनी टाळ्यांचं बटण दाबलं. आणि तेव्हा मी खिडकीवरचं नाव वाचलं. सुहास नव्हता. विहिरीवरचा म्हातारा होता.

मी प्रवेश सोडून खिडकीत लिहिलं, 'सर?'

'विंगेत बघू नकोस. समोर बघ.'

हे वाक्य मी आजवर किती नटांना विंगेतून सांगितलं असेल. मी समोर बघितलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळं नीट दिसत नव्हतं, पण बघितलं. त्यानंतर दोन-तीन वेळा मी अडकले आणि दोन-तीन वेळा खिडकी उघडली. प्रत्येक वेळी नेमका पहिला शब्द, पुढचं माझं मला. फार दिलं तर नट आळशी होतो, हे सरांना माझ्याकडूनच कळलं असणार, जरी ते कधी कबूल करणार नाहीत.

मग शिपायानं विचारलं, 'खरं सांग, पलीकडं कोण आहे तुझं?'

मी हात उचलले आणि थांबले. खिडकी उघडली नाही. काकांनी माझ्याकडं बघितलं. सुहासचा श्वास फोनमधून ऐकू येत होता. पुलापलीकडं विहीर होती आणि विहिरीवर म्हातारा बसला होता, मला तेवढंच दिसत होतं. खिडकी बंदच. मग मी सावकाश लिहिलं.

'पलीकडं आमचा माणूस आहे. हाक मारली तर त्याला ओ देता येत नाही, म्हणून मीच चाललेय.'

शेजारी काका चष्मा काढून शर्टाला पुसत होते. मग त्यांनी एका बोटानं लिहिलं, 'जा. कर नको.'

मी शेळीसकट पूल ओलांडला. मासेवाले बटण दाबत सुटले.

"ताई," सुहास फोनवर म्हणाला, "तुम्हाला पण सर सांगत होते का?"

"तुम्हाला पण म्हणजे?"

"राजाचं सगळं त्यांचंच आहे हो. पहिल्या रविवारपासून. मला वाटलं मलाच सांगतात. वर म्हणाले, दिग्दर्शकाला कळू देऊ नकोस, त्याला राग येतो."

नसीमालाही तसंच होतं, ते तिची वीज आल्यावर कळलं. म्हणजे विहिरीवरचा पुतळा गेले तीन रविवार एक क्षण गप्प नव्हता. गरिबात लढाई नव्हती, झगे नव्हते, पाय हलत नव्हते, पण एकाच माणसाच्या कानात बोलता येत होतं, मराठीत. 'हाच' का, ते तेव्हा समजलं.

"म्हंजे हे सगळे त्याच्या जिवावर उड्या मारत होते," काका म्हणाले, "आणि मी त्याचाच खेळ बंद करायला निघालो होतो." त्यांनी नारळाचं खोबरं ठेवलेला डबा उघडला, एक तुकडा मला दिला आणि एक स्वतः खाल्ला. गेम बंद करायचं कुणी परत काढलं नाही.

मी विहिरीपाशी जाऊन उभी राहिले. म्हाताऱ्याच्या शेजारी शेळी बसवली. मग खिडकी उघडून लिहिलं, 'सर, शेवटच्या वाक्याला मी एवढी थांबले. तुम्ही काहीच दिलं नाहीत.'

उत्तर आलं.

'पॉज होता.'

'कशावरून? विसरले असते तर?'

'ओळखलं,' सरांनी लिहिलं. 'सांगलीला मात्र पॉज नव्हता.'